रायफलीच्या कारखानी काडतुसांची निवड : नेमबाजी, शिकार आणि नमुना चाचणी

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथील केंद्रावर स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. चव्वेचाळीस फैरींअखेर त्यांचे गुण ४५१.४ होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या यशाचे कौतुक करताना खेळाडूची एकाग्रता, प्रशिक्षकांचे परिश्रम व कुटुंबाने सोसलेली आर्थिक ओढाताण यांविषयी बरेच लिहिले गेले. ज्या वस्तूच्या साह्याने प्रत्येक गुण मिळाला, त्या बोटाच्या पेराएवढ्या पितळी काडतुसाविषयी मात्र फारसे काही लिहिले गेले नाही.

कुसाळे यांचे कांबळवाडी हे गाव राधानगरी तालुक्यातील आहे. याच तालुक्यातील दाजीपूरचे जंगल कोल्हापूर संस्थानच्या काळी राजघराण्याचे शिकारक्षेत्र होते. १९५८ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेथे एकेकाळी रायफलीचे लक्ष्य गवा हे होते, तेथील तरुणाचे लक्ष्य आज कागदावरील साडेदहा मिलिमीटरचे वर्तुळ आहे. लक्ष्य बदलले की काडतूस बदलते आणि काडतूस निवडण्याचे निकषही बदलतात. कारखान्यात तयार झालेले काडतूस नेमबाजाने कोणत्या आधारावर निवडावे, शिकारीचा निकष त्याहून वेगळा का, आणि भारतीय परिस्थितीत या निवडीला कितपत वाव उरतो, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नेमबाजीशी संबंध नसलेल्या प्राध्यापकांनाही या विवेचनाचा मधला भाग ओळखीचा वाटेल. कारण तो मुळात नमुना निवडीचा प्रश्न आहे.

काडतुसाची घडण

काडतुसाचे चार घटक असतात : पितळी कोष, त्यातील दारू, ती पेटविणारे आघातक्षम स्फोटक आणि पुढील टोकाशी बसविलेली गोळी. ऑलिंपिक रायफल नेमबाजीत ५० मीटर अंतरासाठी .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरले जाते. ते १८८७ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने विकसित केले. त्याची शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते. मोठ्या काडतुसांमध्ये स्फोटकाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते; .२२ मध्ये ती स्वतंत्र नसते. कोषाच्या कडेच्या पोकळ घडीतच ओले स्फोटक भरून ते गरगर फिरवून पसरविले जाते. ते सगळीकडे सारखे पसरले नाही तर ज्वलनाचा आरंभ प्रत्येक फैरीला थोडा वेगळा होतो. कारखान्यात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती या टप्प्यावर.

महाविद्यालयांना हे काडतूस अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येते ती .२२ रायफलच. अंजली भागवत यांच्यासारख्या आंतरराष्ट्रीय नेमबाजाची बंदुकीशी ओळखही छात्र सेनेतूनच झाली. तेथे विद्यार्थ्याला पहिला धडा दिला जातो तो ‘ग्रुपिंग’चा, म्हणजे सर्व गोळ्या एकाच ठिकाणी जवळजवळ पाडण्याचा. गोळ्या विखुरल्या तर दोष सामान्यतः विद्यार्थ्याच्या श्वासाला व बोटाला दिला जातो. बहुतेक वेळा तो रास्तही असतो. परंतु नेमबाज जसजसा वरच्या पातळीवर जातो, तसतसा त्याचा स्वतःचा दोष आक्रसत जातो आणि काडतुसाचा दोष उघडा पडू लागतो.

लॉटचा प्रश्न

बाजारात नव्याने आलेला खरेदीदार ‘कोणता ब्रँड चांगला?’ असे विचारतो. इंग्लंडमधील एली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस आणि फिनलंडची, परंतु .२२ काडतुसे जर्मनीत श्योनेबेक येथे बनविणारी लापुआ ही या क्षेत्रातील मातबर नावे आहेत. अनुभवी नेमबाजाचा प्रश्न मात्र वेगळा असतो : ‘कोणता लॉट?’ एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच रायफलीतून निरनिराळे वागतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, जो लॉट एका रायफलीत उत्तम ठरतो, तोच त्याच कारखान्याने बनविलेल्या दुसऱ्या रायफलीत सामान्य ठरू शकतो.

यामागे गूढ काही नाही. दारूचा साठा बदलतो, गोळीच्या शिशाची मिश्रधातू किंचित बदलते, गोळीवरील मेणचट वंगणाचा थर आणि कोष गोळीला ज्या ताकदीने आवळून धरतो ती पकड यांतही सूक्ष्म फरक पडतात. दुसरीकडे रायफलीच्या नळीतील पिळदार खाचा व काडतूस बसण्याची खोबण यांची मापे नळीगणिक मिलिमीटरच्या शतांशांत बदलतात. शिवाय फैर झडताना नळी स्थिर नसते. ती कंप पावते. गोळी नळीच्या मुखातून बाहेर पडते त्या क्षणी मुख वर जात असेल, तर उशिरा पोहोचणारी मंद गोळी किंचित वरच्या कोनात सुटते आणि वाटेत होणाऱ्या तिच्या अधिक घसरणीची आपोआप भरपाई होते. मुख खाली जात असेल, तर हाच फरक दुप्पट होऊन दिसतो. म्हणून चांगले काडतूस अशी स्वतंत्र वस्तू नसते. विशिष्ट नळी आणि विशिष्ट लॉट यांची जोडी चांगली किंवा वाईट असते.

पैठण रस्त्यावरील चितेगाव परिसरात ज्यांनी कारखानदारी जवळून पाहिली आहे, त्यांना लॉट, बॅच, नमुना तपासणी हे शब्द नवे नाहीत. व्हिडिओकॉनच्या तेथील कारखान्यासारख्या ठिकाणी एकेकाळी तयार होत असलेल्या विद्युत उपकरणांची तपासणी आणि काडतुसाची तपासणी यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. दूरचित्रवाणी संच बाहेर पाठविण्यापूर्वी सुरू करून पाहता येतो आणि तपासलेला संचच ग्राहकाला देता येतो. काडतुसाची चाचणी त्याचा नाश केल्याशिवाय होत नाही. जे काडतूस चांगले असल्याचे सिद्ध झाले, ते उरलेले नसते. स्पर्धेत झाडल्या जाणाऱ्या प्रत्येक काडतुसाविषयी जे काही माहीत असते, ते त्याच्या नष्ट झालेल्या भावंडांवरून केलेले अनुमान असते. म्हणून काडतुसाची निवड हा जितका यंत्रशास्त्राचा प्रश्न आहे, तितकाच संख्याशास्त्राचाही आहे.

पन्नास मीटरचे गणित

काडतुसातील बारीकसा फरक गुणपत्रिकेवर किती उमटतो, हे पाहण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. स्पर्धेच्या दर्जाची .२२ गोळी नळीच्या मुखातून सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर अंतर कापण्यास तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. ही घसरण दृष्टियंत्रणेत आधीच जमेस धरलेली असते, त्यामुळे ती अडचणीची नाही. अडचण आहे ती फैरीफैरीतील वेगाच्या फरकाची. वेग एक टक्का, म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या आसपास कमी झाला, तर घसरण दोन टक्क्यांनी वाढते. साडेबारा सेंटिमीटरचे दोन टक्के म्हणजे अडीच मिलिमीटर.

अडीच मिलिमीटर हे अंतर किरकोळ वाटेल. पन्नास मीटर रायफलीच्या लक्ष्यपटावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि प्रत्येक पुढचे वलय आठ मिलिमीटर रुंद असते. दशांश गुणांकनात ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. वरील हिशेबाने वेगातील एक टक्का चढउतार, नेमबाजाची कोणतीही चूक नसताना, फैरीमागे ०.३ गुण खाऊ शकतो.

स्पर्धेच्या काडतुसांचा वेग ध्वनीच्या वेगाखाली मुद्दाम ठेवलेला असतो. हवेतील ध्वनिवेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर, तर मराठवाड्यातील ४० अंशाच्या दुपारी सुमारे ३५५ मीटर असतो. ध्वनिवेगाच्या वर सुटून वाटेत त्याखाली येणारी गोळी त्या संक्रमणात डगमगते. ‘अतिवेगवान’ म्हणून विकली जाणारी .२२ काडतुसे स्वस्त असूनही नेमबाज ती घेत नाहीत, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. गोळी जितकी वेगवान, तितका तिच्यावर वाऱ्याचा परिणाम कमी, असे मानले जाते. प्रत्यक्षात वाऱ्याने होणारे विचलन एकूण प्रवासाच्या वेळेवर अवलंबून नसते. हवेच्या रोधामुळे त्या प्रवासाला जो जादा उशीर होतो, त्यावर ते अवलंबून असते. ध्वनिवेगाच्या आसपास रोध एकदम वाढत असल्याने वेगवान .२२ गोळी मंद गोळीपेक्षा वाऱ्यात अधिक ढळते. जादा वेगाचा मोबदला मोजून अधिक विचलन पदरात पडते.

पाच फैरींची फसवणूक

लॉट कसा निवडावा, याचे प्रचलित उत्तर सोपे आहे : प्रत्येक लॉटच्या पाच फैरी झाडाव्यात आणि ज्याचा गट सर्वांत लहान पडेल तो घ्यावा. गटाचे माप म्हणजे एकमेकींपासून सर्वांत दूर पडलेल्या दोन गोळ्यांच्या केंद्रांमधील अंतर. ही पद्धत शिकारी, हौशी नेमबाज व विक्रेते या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे आणि तीच सर्वाधिक दिशाभूल करणारी आहे.

गोळ्यांचे विखुरणे प्रसामान्य वितरणाप्रमाणे होते आणि आडव्या व उभ्या दोन्ही दिशांना त्याचे प्रमाण विचलन तीन मिलिमीटर आहे, असे समजू. या काडतुसांच्या तीन फैरींच्या गटाचे माप सरासरी ७.२ मिलिमीटर येते, पाच फैरींचे ९.२ आणि दहा फैरींचे ११.४. काडतूस तेच, नळी तीच. फक्त फैरींची संख्या वेगळी. तीन फैरी झाडणाऱ्याला जे काडतूस ‘सात मिलिमीटरचे’ वाटते, तेच दहा फैरी झाडणाऱ्याला ‘साडेअकरा मिलिमीटरचे’ वाटते. फैरींची संख्या न सांगता केलेला गटाचा दावा म्हणूनच अर्थशून्य असतो. जाहिरातींत तीन फैरींचे गट का छापले जातात, याचा उलगडाही येथे होतो.

याहून गंभीर बाब म्हणजे, पाच फैरींच्या गटाचे माप प्रत्येक वेळी जवळपास एकचतुर्थांशाने वरखाली होते. वरील उदाहरणात सरासरी ९.२ असली, तरी ६.७ पासून ११.७ मिलिमीटरपर्यंतचे गट अगदी नेहमीचे होत. समजा, दुसऱ्या एका लॉटचे प्रमाण विचलन तीनऐवजी चार मिलिमीटर आहे, म्हणजे तो निःसंशय निकृष्ट आहे. दोन्ही लॉटचा पाच-पाच फैरींचा एकेक गट पाडला, तर साधारण पाचांत एकदा निकृष्ट लॉटच सरस दिसेल.

तीन आणि चार मिलिमीटरमधील फरक महत्त्वाचा आहे काय? दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिलिमीटर व गोळीची २.८ मिलिमीटर, गोळीची कड वर्तुळाला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. तेव्हा गोळीचे केंद्र आठ मिलिमीटरच्या आत पडले पाहिजे. प्रमाण विचलन तीन असेल, तर अत्यंत अचूक नेम धरूनही शंभरातील सुमारे तीन गोळ्या या मर्यादेबाहेर जातात. विचलन चार असेल, तर तेरा ते चौदा. साठ फैरींच्या पात्रता फेरीत हा हिशेब अनुक्रमे दोनांहून कमी आणि आठ गुणांच्या हानीचा होतो. पॅरिसच्या पात्रता फेरीत कुसाळे ५९० गुण मिळवून सातवे आले व अंतिम फेरीत गेले. त्यांचे सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावे राहिले व बाहेर पडले. आठ गुण म्हणजे काय, हे यावरून समजावे.

एक सापळा आणखी आहे. एखाद्याने वीस लॉट आणले आणि प्रत्येकाचा पाच फैरींचा एकेक गट पाडला. हे वीसही लॉट वस्तुतः अगदी समान आहेत, असे मानू. तरीही निव्वळ योगायोगाने त्यांपैकी एकाचा गट पाच-साडेपाच मिलिमीटरचा पडेल. तो नेमबाज आनंदाने त्या लॉटची पाच हजार काडतुसे विकत घेईल आणि पुढच्या आठवड्यात तोच लॉट नऊ मिलिमीटरचे गट देऊ लागेल. मग दोष हवामानाला, रायफलीच्या बेडिंगला किंवा स्वतःच्या मनःस्थितीला दिला जाईल. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात उंच आईबापांच्या मुलांविषयी जे निरीक्षण नोंदविले, तेच हे मध्याकडे परतणे आहे. परीक्षेतील एकाच पेपरवरून विद्यार्थ्याची गुणवत्ता ठरविणाऱ्या कोणालाही हा अनुभव परका नसावा.

यावर उपाय आहे व तो फारसा खर्चिकही नाही. सर्वांत दूरच्या दोनच गोळ्यांचे अंतर मोजल्याने उरलेल्या गोळ्यांनी दिलेली माहिती वाया जाते. त्याऐवजी गटाच्या मध्यापासून प्रत्येक गोळीचे अंतर मोजून त्यांची सरासरी, म्हणजे सरासरी त्रिज्या काढावी. दहा-दहा फैरींचे चार गट पाडले, तर या मापातील अनिश्चितता आठ टक्क्यांच्या आसपास येते आणि वरील तीन व चार मिलिमीटरच्या लॉटमध्ये गल्लत होण्याचा संभव शंभरात एखाद्या वेळेपुरता उरतो. चाळीस काडतुसे म्हणजे एका पेटीहूनही कमी. निवडलेल्या लॉटची नव्याने, पहिले निकाल बाजूला ठेवून पुन्हा एकदा चाचणी घ्यावी. पहिली चाचणी निवडीसाठी असते, खात्रीसाठी नव्हे. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यपटावर प्रत्येक गोळीचे स्थान आपोआप नोंदले जात असल्याने हे मोजमाप पूर्वीइतके कष्टाचेही राहिलेले नाही.

मोठे उत्पादक आपल्या कारखान्यालगतच्या बंदिस्त बोगद्यात अशी चाचणी करून देतात. नेमबाजाच्या रायफलीची नळी यंत्रासह शिकंजात घट्ट आवळली जाते, वारा नसतो, माणसाचा हात नसतो. एकामागून एक लॉट झाडले जातात आणि संगणक प्रत्येक गोळीचे स्थान नोंदवितो. जो लॉट त्या नळीला मानवतो, त्याची वर्षभराची बेगमी तेथेच राखून ठेवली जाते. युरोपातील नेमबाजाला यासाठी गाडीने काही तासांचा प्रवास पुरतो.

दीर्घ पल्ल्याची नेमबाजी

तीनशे मीटरपासून हजार मीटर व त्यापलीकडील नेमबाजीत मध्यवर्ती टोपीची मोठी काडतुसे लागतात. .३०८ विंचेस्टर हे त्यांतील जुने व सर्वत्र प्रचलित काडतूस. २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर आज दीर्घ पल्ल्यासाठी अधिक पसंत केले जाते. या अंतरांवर निकषांचा क्रम बदलतो. गोळी हवेचा रोध किती कमी घेते, हा पहिला निकष. निमुळते टोक, मागे निमूळ होत गेलेले बूड आणि व्यासाच्या मानाने अधिक लांबी व वजन असलेली गोळी आपला वेग अधिक काळ टिकविते. अशी लांब गोळी स्थिर ठेवण्यास नळीतील पीळही अधिक घट्ट असावा लागतो. सैल पिळाच्या जुन्या रायफलीतून ती झाडल्यास लक्ष्यपटावर गोल छिद्राऐवजी आडवे लांबट छिद्र दिसते, म्हणजे गोळी कोलांट्या घेत पोहोचलेली असते.

दुसरा निकष वेगाच्या सातत्याचा. हजार मीटरवर ६.५ क्रीडमूरची गोळी दहा मीटरहून अधिक घसरते. त्यामुळे वेगातील एक टक्का फरक तेथे वीस सेंटिमीटरच्या आसपास चूक घडवितो. शंभर मीटरवर अप्रतिम गट देणारे काडतूस हजार मीटरवर उभ्या रेषेत विखुरते, ते यामुळेच. वेगमापक यंत्राशिवाय या पल्ल्याचे कारखानी काडतूस निवडू नये. येथेही वेगाचे प्रमाण विचलन पाच फैरींवरून ठरविणे तितकेच भ्रामक आहे. तापमानाचाही विचार करावा लागतो. उन्हात तापलेल्या नळीत काडतूस काही मिनिटे पडून राहिले, तर दारूचे ज्वलन तीव्र होऊन वेग वाढतो.

शिकारीची गोळी : वेगळा निकष

शिकारीच्या काडतुसाचा विचार करताना वरील सर्व सूक्ष्म मापे दुय्यम ठरतात. प्राण्याच्या छातीतील मर्मस्थान काही सेंटिमीटरचे असते. तेथे दोन मिलिमीटरने काही बिघडत नाही. बिघडते ते गोळी शरीरात शिरल्यावर काय करते, यावरून. लक्ष्यनेमबाजीच्या गोळीचे कवच तिचा आकार हवेत बिनचूक राहावा यासाठी बनविलेले असते. मांसात ती कशी वागेल, याची हमी तिचा उत्पादक देत नाही. शिकारीच्या गोळीचे टोक मऊ शिशाचे उघडे ठेवलेले असते. आत शिरताच ते छत्रीप्रमाणे पसरते, आपली ऊर्जा शरीरातच खर्च करते आणि प्राणी लवकर मरतो. पूर्ण कवचाची गोळी आरपार निघून जाते. जखमी जनावर मैलभर जाऊन झुडपात तडफडत मरते आणि पार गेलेली गोळी पलीकडच्या शेतात कोणाला लागेल याचा नेम नसतो.

पसरणाऱ्या गोळीचा इतिहास भारताशी निगडित आहे. कोलकात्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात ती सैन्यासाठी तयार केली गेली व ‘डमडम’ हा शब्द जगभर पसरला. २९ जुलै १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांना बंदी घातली. शिकारीच्या कायद्याने नेमकी उलट दिशा धरली : ब्रिटनच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार हरणासाठी रायफलीची गोळी पसरणारीच असावी लागते. माणसावर जी क्रौर्य म्हणून निषिद्ध, ती जनावरावर दया म्हणून सक्तीची. दोन्ही नियम आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत : युद्धात शत्रूला निकामी करणे पुरेसे मानले जाते, तर शिकारीत जखमी करून सोडणे हेच अपराधाचे मानले जाते.

भारतात ही चर्चा बहुतांशी इतिहासजमा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार कायद्याने संपली. उरला तो कलम ११ चा अपवाद : मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरलेल्या प्राण्याविषयी सक्षम अधिकाऱ्याने लेखी, कारणांसह दिलेली परवानगी. रानडुकरे व नीलगायी यांनी उद्ध्वस्त केलेली शेते मराठवाडा-विदर्भात डोळ्यांनी दिसतात, तेव्हा हा अपवाद कागदापुरता नाही. पण अशी परवानगी मिळालेल्या शेतकऱ्यापुढे काडतुसांची निवड जवळजवळ नसतेच. वसाहतकाळात सैन्याच्या मापाची काडतुसे प्रजेच्या हाती पडू नयेत, या भीतीपोटी .३०३ सारखी मापे नागरिकांना वर्ज्य केली गेली. त्यातून .३१५ हे नागरी माप रूढ झाले. स्वातंत्र्यानंतरही प्रतिबंधित व अप्रतिबंधित बोअर हा भेद कायम राहिला. अप्रतिबंधित गटातील .३१५ रायफल व तिची काडतुसे सरकारी आयुध निर्माणींतच बनत आली. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना व जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी या महाराष्ट्रातील दोन लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या संस्था, २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. येथे ग्राहकाने विचारण्याजोगा प्रश्न ‘कोणते?’ हा नसून ‘आहे काय?’ एवढाच असतो. अशा वेळी निदान .२२ सारखे दुबळे काडतूस रानडुकरावर वापरले जाऊ नये, इतके भान परवानगी देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांनी ठेवणे आवश्यक आहे. त्याने डुक्कर मरत नाही, चवताळते.

परवाना, आयात आणि चाचणीची संधी

लक्ष्यनेमबाजाची स्थिती याहून बरी असली, तरी सोपी नाही. ऑलिंपिक दर्जाच्या .२२ काडतुसांसाठी भारतीय नेमबाज आयातीवर अवलंबून आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवान्यावर किती काडतुसे घेता येतील याला मर्यादा आहे. नामांकित खेळाडूंना सवलती आहेत आणि २०२० मध्ये त्या वाढविण्यात आल्या. परंतु सवलत मिळते ती नामांकन झाल्यावर, आणि नामांकनापर्यंत पोहोचण्यासाठी हजारो फैरींचा सराव आधी करावा लागतो. ज्या वयात काडतुसाचा दोष व स्वतःचा दोष यांतील फरक ओळखण्याची सर्वाधिक गरज असते, त्या वयात मिळेल त्या लॉटची मिळतील तेवढी काडतुसे वापरावी लागतात. २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जगज्जेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत काय, किंवा राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेले कुसाळे काय, या खेळाडूंनी ज्या विषमतेवर मात केली तिचा एक भाग हा आहे. आणि तो भाग परिश्रमाने भरून निघणारा नाही. चार मिलिमीटर विखुरणारे काडतूस कितीही सरावाने तीन मिलिमीटरचे होत नाही.

एकत्रित खरेदीने ही अडचण सुटेल, असे वरकरणी वाटते. राज्य संघटनेने एकच उत्तम लॉट मोठ्या प्रमाणात आणून सर्वांना वाटावा, अशी सूचना होते. लॉट आणि नळी यांच्या जोडीविषयीचे वरील विवेचन मान्य केले, तर ही सूचना टिकत नाही. एकाला मानवणारा लॉट दुसऱ्याला मानवेलच असे नाही. अधिक उपयुक्त ठरेल ते दहा-बारा लॉटच्या थोड्या थोड्या पेट्या आणून, पुण्याच्या बालेवाडी संकुलासारख्या ठिकाणी निवडक कनिष्ठ नेमबाजांच्या रायफली शिकंजात बसवून प्रत्येकीची चाळीस फैरींची चाचणी घेणे आणि मग ज्याचा त्याचा लॉट मागविणे. मात्र चाचणी व मागणी यांत महिने गेले, तर तो लॉट जगातील इतर नेमबाजांनी तोवर संपविलेला असतो. आयातीच्या कागदपत्रांना लागणारा वेळ हा अशा रीतीने अचूकतेचाच एक घटक बनतो.

महाविद्यालयीन पातळीवर एवढे मोठे काही शक्य नाही. छात्र सेनेच्या फायरिंगच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, फैरी आणि गटाचे माप लिहिले जाते. त्याच ओळीत पेटीवर छापलेला लॉट क्रमांक व त्या दिवसाचे तापमान लिहिण्यासाठी दोन रकाने वाढविता येतात. वर्षाअखेर ती वही संख्याशास्त्र विभागाकडे दिली, तर पदवीच्या विद्यार्थ्यांना विचलनाच्या विश्लेषणासाठी पाठ्यपुस्तकातील काल्पनिक आकड्यांऐवजी आपल्याच मैदानावरचे आकडे मिळतील, आणि कोणत्या विद्यार्थ्याचा हात थरथरला व कोणाच्या वाट्याला खराब पेटी आली, हेही काही प्रमाणात वेगळे काढता येईल.